सासऱ्यांची निळी गाडी आणि माझं पॉलिश

३ तारीख, शुक्रवार
आज सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने गाडीची किल्ली मला दिली. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांनी मला सांगितलेलं हे पहिलंच काम. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. नंतर काही दिवस धूळ नको, पाणी नको, वाकायचं नाही. तोवर त्यांची जुनी निळी गाडी आमच्या शेडमध्ये. त्यांच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली. रंगसुद्धा मूळचा, कंपनीतून आला तोच. सूचना एकच: भरपूर पाणी मारा, मऊ फडक्याने टिपा, घासू नका.

माझ्या साडूला, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, हे काम मिळालं नाही याची नोंद घ्यावी. त्याला सासरे अरे-तुरे करतात, रागावले की गाढवही म्हणतात. मला मात्र कायम अहो, या, बसा. आता मला घरचा माणूस व्हायचंय. गाडी अशी चमकवून द्यायची की त्यांनी पाठीवर थाप मारली पाहिजे. नुसतं पाणी काय, पाऊसही मारतो.

४ तारीख, शनिवार
दिवसभर व्हिडिओ पाहिले. हे एक शास्त्र आहे. बादल्या दोन: एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायचं. वरून खाली यायचं. उन्हात धुवायचं नाही. भांड्यांचा साबण वर्ज्य. सगळं पाठ केलं. कॉलेजात असा अभ्यास केला असता तर आज कुठल्या कुठे असतो.

ही म्हणाली, बाबांनी सांगितलंय तेवढंच कर. हिला शास्त्राचा गंध नाही.

५ तारीख, रविवार
उठायला उशीर. त्यामुळे ऊन. त्यामुळे शाम्पू गाडीवरच वाळला. एका बादलीत हिने चादरी भिजवल्या होत्या, म्हणून दोन बादल्यांची पद्धत एका बादलीत उरकली. तत्त्व तेच. गाडीचा शाम्पू आणायचा राहिला, म्हणून केसांचा घेतला. डोक्याला चालतो तो पत्र्याला का चालू नये? ही माझ्या डोक्याकडे बघून हसली. दुर्लक्ष केलं.

फडकं एकदा मातीत पडलं. झटकून घेतलं.

दुपारी बॉनेटवर बारीक गोल गोल चरे दिसले. आधीपासूनच असणार. मोतीबिंदूमुळे सासऱ्यांना दिसले नसतील. बिचारे.

८ तारीख, बुधवार
ऑफिसला दांडी. चरे घालवायला पॉलिश सुरू केलं. काय सांगू! फडक्यावर नुसता निळा मळ. जितकं घासावं तितका जास्त. सासरे एवढे टापटिपीचे, पण गाडी आतून किती मळलेली! फडकी संपली, मग माझा जुना बनियन घेतला. तोही निळा.

ही विचारते, मळ निळा कसा? मी म्हटलं, निळ्या गाडीचा मळ निळाच असणार. ही आत निघून गेली. पटलं असावं.

साडूचा फोन. सासरे त्याच्याकडे आहेत, ऑपरेशन छान झालं. गाडी कशी आहे, विचारत होता. सांगितलं की वर्षानुवर्षांचा मळ काढतोय. मग विचारतो, भाऊ, मळ कसल्या रंगाचा निघतोय? पोटात दुखतंय त्याच्या. फोन ठेवून दिला.

९ तारीख, गुरुवार, सकाळ
दंड भरून आलेत. मळ संपत नाही. शेजारच्या सुतारकाकांकडून घासायचं मशीन आणलं. हे दारं-कपाटांसाठी आहे, असं त्यांनी बजावून सांगितलं. म्हटलं, काका, तंत्र एकच.

तीच तारीख, दुपार
बॉनेटच्या कडेचा मळ संपला. मशीनला तोड नाही. खाली तांबूस काहीतरी लागलंय.

तीच तारीख, थोड्या वेळाने
तांबूस म्हणजे अस्तर. रंगाच्या खाली देतात ते.

शेडच्या पायरीवर बसून आहे. बनियन हातात आहे. मळ नव्हता. गाडीचा रंग होता, आणि तो मी दोन दिवस पुसून काढत होतो.

११ तारीख, शनिवार
खचून चालणार नाही. डाग तळहाताएवढाच आहे. रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, कुठला निळा? म्हटलं, निळा. त्याने समोर निळ्यांचं एक जाड पुस्तकच ठेवलं. फोटो दाखवला, तर फोटोत गाडी हिरवट. शेवटी अंदाजाने एक डबी घेतली.

ओला असताना रंग हुबेहूब जुळला. वाळल्यावर नाही. शेजारच्या भागाशी मिळवायला गेलो म्हणून डाग ताटाएवढा झाला. बुडत्याचा पाय खोलात, म्हणतात ते खोटं नाही.

ही म्हणाली, बाबांना फोन कर आणि खरं सांग. सांगणारच आहे. वेळ बघून.

१२ तारीख, रविवार
फोन केला. मला तोंड उघडू न देता तेच बोलत सुटले. असे मोकळे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. डोळा लख्ख झालाय, म्हणाले. समोरच्या घरातल्या पडद्यावरची फुलंसुद्धा दिसतात, म्हणाले. आता आधी गाडी बघायची आहे. तो रंग हिच्या आईने निवडला होता म्हणे. दुकानात दोन तास घोळ घातला आणि शेवटी या निळ्यावर बोट ठेवलं. ती गेली त्यानंतर त्यांचा डोळा अधू होत गेला, त्यामुळे किती वर्षांत तो रंग नीट पाहिलाच नाही.

मी म्हटलं, वा.

फोन ठेवला.

१४ तारीख, मंगळवार
उद्या येताहेत. गाडीचं तोंड भिंतीकडे करून लावली, वर कव्हर टाकलं. शेडमधला दिवा काढून ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. दिवा कुठे गेला, असं हिने विचारलं. मी कव्हर सारखं करत राहिलो. हिनेही परत विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

१५ तारीख, बुधवार
साडू त्यांना घेऊन आला. चहा घ्या म्हटलं, तर आधी गाडी म्हणाले. साडूने गाडी ढकलत उजेडात आणली. सासऱ्यांनी स्वतः कव्हर ओढलं.

डागावरून बोट फिरवलं. मग चष्मा काढला आणि पुन्हा फिरवलं.

मी सगळं सांगून टाकलं. शाम्पू, मातीतलं फडकं, बनियन, सुतारकाकांचं मशीन. काहीही लपवलं नाही. आता ओरडतील, हाकलून देतील, चार शिव्या घालतील, या तयारीने उभा होतो. तयारी कसली, वाटच बघत होतो.

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग हीच भडकली. तुला सांगितलं होतं ना, म्हणून सुरू झाली. सासऱ्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि हळूच म्हणाले, त्यांना असं बोलू नये, पोरी. जावई आहेत. पाहुणे आहेत आपले.

माझ्या घरात, माझ्या शेडमध्ये.

१९ तारीख, रविवार
किल्ली साडूकडे गेली. आज सासऱ्यांच्या अंगणात गाडी धुणं चाललंय. रंग परत आणता येणार नाही, पण आहे तो जपायचा असं ठरलंय. सासरे खुर्चीत बसून सूचना देतात, साडू पाणी मारतो. कोपरा राहिला म्हणून बोलणी खातो, नळ जास्त सोडला म्हणून खातो, फडकं पिळलं म्हणून तर फारच खाल्ली. हसतो आणि पुन्हा तेच करतो.

मला दुसरी खुर्ची आणून दिली आहे. गादीची आहे. चहाही पहिला मलाच आला.

दोनदा उठलो, निदान बादली तरी भरावी म्हणून. दोन्ही वेळा सासरे अर्धे उठून म्हणाले, अहो, बसा, बसा, तुम्ही कशाला त्रास घेता?

बसलो.