ओढ्याच्या वळणावरची बाकं

१४ एप्रिल
सूर्यकांत आज जंगलातल्या वाटेवरून अर्ध्यातून परतले. खुब्याच्या ऑपरेशननंतर चालणं जमतं, उभं राहणं नाही — आणि पक्षी बघायचे म्हणजे नुसतं उभंच राहायचं! ओढ्याच्या वळणाशी झाडाला टेकून दुर्बीण लावली, तर पाय थरथरायला लागले. गाडीत एवढंच म्हणाले, "प्रभा, आता घराच्या खिडकीतून दिसतील तेवढे पुरेत." इथे कॅनडात, ग्वेल्फला आल्यापासून या जंगलातला एकही वसंत चुकवला नव्हता त्यांनी. मला ते ऐकवेना.

जेवणं झाल्यावर सिटीला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, ईमेल केली. वळणावर पक्षी बघणाऱ्यांसाठी बाकं हवीत.

२ मे
उत्तर आलं. लोकांचं म्हणणं ऐकायला मीटिंग आहे.

९ मे
मीटिंगला जाऊन आले. डोरीन म्हणून एक बाई दर रविवारी बर्ड वॉक नेतात — आमच्याहून मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्याच विरोधात! म्हणे बाकं आली की लोक बसणार, गप्पा छाटणार. तिथली शांतता जायला नको. माझं डोकंच फिरलं. उठून विचारलं, ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी जंगलच सोडायचं का? इंग्रजी धड सुचत नव्हतं. सूर्यकांत मान खाली घालून बसलेले.

वाटलं, हे रागावणार. पार्किंगमध्ये हात धरून म्हणाले, "स्वतःसाठी कधी भांडली नाहीस इतकी."

२१ जून
मंजूर! गोड म्हणून शिरा केला.

१२ सप्टेंबर
बाकं बसली. साधीच, लाकडी — पण पाठ टेकता येते आणि उठताना धरायला हात आहेत. थंडीआधी दक्षिणेकडे निघालेले इवलेसे वॉर्बलर पक्षी सीडरच्या झाडात उतरले होते. सूर्यकांत सकाळभर बसले. मध्येच कोपराने मला ढोसायचे, बोटाने दाखवायचे. मला निम्मे दिसलेच नाहीत. यांचा चेहरा मात्र दिसत होता. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१५ सप्टेंबर
वॉक संपल्यावर डोरीनबाई एकट्याच परत आल्या, आमच्याच बाकावर टोकाला टेकल्या. मी आखडून बसले. सूर्यकांतनी सरकून जागा दिली.

२२ सप्टेंबर
आज डोरीनबाईंनी हळूच सांगितलं: त्यांच्या नजरेतलं मधलं सगळं पुसून गेलंय. वाट कडेकडेने दिसते, पक्षी दिसत नाहीत. नुसत्या आवाजावरून ओळखतात — वॉकवाल्यांनाही ठाऊक नाही. मग सीडरकडे तोंड करून सूर्यकांतना विचारलं, "तो आत्ता बोलला ना — काय करतोय तो?"

हे सांगत राहिले, अगदी हलक्या आवाजात. मी श्वाससुद्धा जपून घेतला.