माइक चालू ठेवा

३० जून, सोमवार
टिळकवाडीतलं ऑफिस सोडलं. किल्ली गाळामालकाच्या हातात दिली. "अण्णा, भिंतीला खिळे लई मारलायसा," म्हणाला. म्हटलं, राहू देत, पुढच्याला कॅलेंडर लावायला होतील. हसला. मीही हसलो.
खुर्च्या, टेबलं विकली. पाटी घरी आणली, कॉटखाली सरकवली.
ऑफिसातली पोरं म्हणतात, घरूनच काम करू. त्यात खोट काढता येत नाही. आपलं काम ऐकून लिहायचं. कुणाची मुलाखत, कुणाची मीटिंग, एखाद्या मालिकेचे संवाद. मराठी, कानडी, हिंदी. दिवसभर कानाला हेडफोन. भरमा म्हणालाच, "अण्णा, शेजारी बसून तरी आमी कुठं बोलतोय?" त्याची जांबोटीची बस चुकली की अर्धा दिवस जातो. वैशालीचंही कडोलीहून रोजचं येणं-जाणं. तर आता सगळ्यांनी घरून करायचं, महिन्यातून एका शनिवारी भेटायचं. जाहीर मीच केलं.
ऑफिसात हेडफोन न घालणारा मी एकटाच होतो. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

१ जुलै
आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, बूट. बूट घातल्यावर आठवलं. बूट काढले, शर्ट राहू दिला.
सुमन पुण्याला, आमच्या पोरीच्या बाळंतपणाला. दिवाळीशिवाय येत नाही. घरात फ्रिज तेवढा बोलतो.

३ जुलै
कामं वेळेत. चुका नाहीत. मला काही उरलं नाही करायला.
दाराकडं पाठ करून बसलो तरी कोण आलं ते कळायचं. भरमा चपला घासत यायचा. वैशाली बसली की उजव्या हातातल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवायची, टाइप करताना अडतात म्हणून. काढल्या म्हणजे काम सुरू, घातल्या म्हणजे बसची वेळ. काढताना एकेक वाजायची, घालताना सगळ्या एकदम. बारावी झाल्यावर माझ्या टायपिंग क्लासला आली तेव्हापासून हेच. बांगड्या एकदम वाजल्या की मीही दिवे मालवायला उठायचो.

६ जुलै, रविवार
निपाणी. आई धाकट्याकडं असते. सांगितलं, ऑफिस बंद केलं, पोरं घरून काम करतात. तिला काही नवल नाही. "आमी काय हापिसात बसून विड्या वळल्या व्हय?"
खरंच की. कारखान्यातनं पानं-तंबाखू घरी आणायची, वळून संध्याकाळी पोचवायची. तिचा जन्म घरून काम करण्यात गेला.
म्हटलं, "मग सगळ्याजणी शेजारच्या आक्काच्या सोप्यात जाऊन का बसत होता?"
"एकटीचा हात चालत न्हाय रं."
"बोलत तर नव्हता."
"बोलत बसल्यावर विड्या कवा व्हायच्या? एकमेकीची कात्री ऐकू यायची. तेवढं बास."
माझे कान त्या सोप्यातच तयार झाले. पान कापायच्या कात्रीवरून ओळखायचो कोण बसलंय. आईची मधेच थांबली की समजायचो, काहीतरी बिनसलंय.
परत येताना बसमध्ये, संकेश्वरच्या आतच डोक्यात एक आलं.

७ जुलै
फोनवर मीटिंगची लाइन सकाळी उघडायची, संध्याकाळपर्यंत सोडायची नाही. फोन टेबलावर बाजूला, माइक चालू. बोलायचं नाही. ज्यानं त्यानं आपलं काम करायचं. बस्स.
भरमा : "अण्णा, पाळत काय?"
"तुझ्यावर पाळत ठेवून काय मिळणार रं? जांभया मोजू?"
हसले सगळे. फोनमधून का होईना.

११ जुलै
झकास. भरमाच्या पत्र्यावरचा जांबोटीचा पाऊस इथं बसून ऐकतो. मधेच त्याची लाइन तुटते, परत जोडतो. वैशालीच्या पंख्याची टकटक. तिची आई आतून, "अण्णास्नी विचार की, जेवलं का?" कुणाचा तरी कुकर. अकराला "चहा!" म्हणून ओरडलो, ऑफिसात ओरडायचो तसा. तिकडून कुणीतरी, "आलो, आलो."
दोन कप ओतले गेले. दोन्ही मीच प्यालो.

२४ जुलै
ऐकू नये ते ऐकलं. दुपारी, जेवणाच्या वेळेला. बाकीचे लाइनवर नव्हते. वैशाली लॅपटॉपवर कुणाशी तरी बोलत होती, बाजूला माझी लाइन चालू आहे हे विसरून. ठेवणीतला आवाज.
"हो सर, घरूनच करते. नाही, इथलं ऑफिस बंद झालं... म्हणजे बेंगळूरला यावं लागणार नाही ना?... थँक यू सर. घरी विचारून कळवते."
तिथंच फोन बंद करायला हवा होता. केला नाही. शेवटपर्यंत ऐकलं.
आजवर दुसरी नोकरी म्हणजे गाव सोडणं, आणि घरचे सोडत नव्हते. आता बेंगळूरचं काम काय नि माझं काय, तिला खुर्ची तीच, पंखा तोच. दार मीच उघडून दिलं.
ती गेली तर कानडी काम गेलं. तिच्यासारखं ऐकणारं दुसरं कोण आहे? पण ते धंद्याचं झालं. बाकीचं...

२५ जुलै
कामाचं निमित्त काढून तिला फोन केला. बरं चाललंय? "हो अण्णा." काही अडचण? "नाही अण्णा." पुढं विचारावं तर कुठून कळलं ते सांगावं लागणार.
सगळ्यांना कळवलं, लाइनवर राहा पण माइक बंद ठेवा. भरमा : "मग लाइन कशाला, अण्णा?"
रेंज नाही म्हणून सांगितलं.

२ ऑगस्ट, शनिवार
भेटीचा शनिवार. जांबोटीच्या रस्त्यावर पाणी, भरमा नाही. वैशालीचं डोकं दुखतंय. बाकीचे दोघे आले, डोसे खाल्ले, फोन बघत बसले. हॉटेलवाल्याला सांगून मोठं टेबल धरून ठेवलं होतं. त्यानं रिकाम्या खुर्च्या एकेक करून उचलून नेल्या, विचारून विचारून.

८ ऑगस्ट
आज माती खाल्ली.
लाइन आता लॅपटॉपवर लावतो. अकराचा चहा करत होतो तेवढ्यात फोनवर सुमन. स्पीकरवर घेतलं.
"वैशाली चालली गं. बेंगळूरच्या कंपनीत."
"तिनं सांगितलं?"
"ऐकलं मी. चोरून."
"मग थांब म्हणा की तिला."
"कुठल्या तोंडानं म्हणू? काय आहे माझ्याकडं आता? बसायची तिची खुर्चीसुद्धा विकून टाकली."
"तुम्ही नीट जेवताय ना?"
वरण-भात केलाय म्हणालो. केला नव्हता.
कप घेऊन लॅपटॉपपुढं आलो तर भरमाचा मेसेज : अण्णा माइक.
सगळ्यांचे बंद. माझा चालू.
चहा तसाच गार झाला.

९ ऑगस्ट
सकाळी वैशालीचा मेसेज. "अण्णा, काल ऐकलं मी. त्यांना सोमवारी उत्तर द्यायचंय." एवढंच. रागावलीय का, ते लिहिण्यातून कळत नाही. आवाज असता तर कळलं असतं.
"थांब" लिहिलं. पुसलं. "जा, बिनधास्त जा" लिहिलं. तेही पुसलं, खोटं वाटलं. संध्याकाळी पाठवलं, "सोमवारी लाइन उघडी आहे."
दोन निळ्या खुणा, तेवढ्याच.

११ ऑगस्ट, सोमवार
लाइन उघडली. सगळे आहेत, माइक बंद. भरमानं नुसता अंगठा दाखवला. कामं चालू.
अकराला "चहा" म्हणालो. ओरडलो नाही.
एक माइक चालू झाला. नाव बघायची गरज पडली नाही. पंख्याची टकटक.
काय बोलणार, म्हणून वही ओढून हे लिहीत बसलोय. पेनाचा आवाज तिकडं जात असेल. जाऊ दे.
आत्ता बांगड्या वाजल्या, टेबलावर. काढून ठेवल्या की उचलून घातल्या?
ऑफिसात असतो तर पाठमोरा बसूनसुद्धा सांगितलं असतं. लॅपटॉपमधून दोन्ही सारखंच ऐकू येतं.
पंखा चालू आहे अजून.