जुना रंग धुवूनये

दि. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

स्वेटर मिळाला. बाह्या बरोबर बसल्या, गळा मात्र असा घट्ट की डोकं आत जाताना कान बाहेरच राहू बघतात. मी इथं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण ठीक नाही. माझ्या हातून एक फार वाईट काम झालंय आणि ते आता उलटवता येत नाही.

आमचं काम तुला माहीत आहे. टेबलावर लढाई खेळणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आम्ही अंगठ्याएवढे सैनिक जोडतो, रंगवतो, थर्मोकोलचे डोंगर कापून त्यावर भुशाचं गवत चिकटवतो. एकाचं डोकं काढून दुसऱ्याच्या धडावर बसवण्यात माझा हात धरणारा इथं कुणी नाही. तुझ्या बाहुल्यांवर शिकलो ते वाया गेलं नाही.

गेल्या आठवड्यात एक चष्म्याचे दुकानदार आले. बिस्किटांच्या डब्यात शिशाचे बावन्न जुने सैनिक. काहींचे हात तुटलेले, तलवारी वाकलेल्या. मालकांनी डब्यावर पट्टी चिकटवून सूचना लिहिली. मालकांचं अक्षर म्हणजे सगळे शब्द एकमेकांच्या अंगावर रेलून उभे. लिहिलं होतं, हात जोडणे, जुना रंग धुवूनये. मी वाचलं, धुवून ये. म्हटलं, धुवून झालं की पुढच्या खोलीत बोलावतायत. धुवू नये हे डोक्यात आलंच नाही. चौथीतून शाळा सोडलेला मी, अक्षर लागलं याच आनंदात.

रंग सोडवायच्या औषधात बुडवले. बुडवताना एकेक हातात घेऊन बघत होतो आणि हसत होतो. एक घोडा निळा, एकाच्या भुवया कपाळभर, एकाच्या ढालीवर फूल. म्हटलं, कुणी डोळे मिटून रंगवले की काय. मग ब्रशने लख्ख घासले आणि ताट घेऊन मालकांसमोर उभा राहिलो, की आलो धुवून. मालक खुर्चीतून उठले आणि परत बसले.

मग त्यांनी सांगितलं, ते सैनिक चष्मेवाल्या काकांच्या मुलीने रंगवले होते. दहाव्या वर्षी गेली, त्याला तीन वर्षं झाली. जेवणाच्या टेबलावर पुस्तकं रचून, वर चादर टाकून बापलेक लढायचे. तिच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं.

काका वीस तारखेला डबा न्यायला येणार. मालक म्हणतात, फोटो कुणाकडेच नाही, तेव्हा डाव्या हाताने वेडेवाकडे रंगव, बापाला कळायचं नाही. नाहीतर आपलं सामान भर. मी एक रंगवून बघितला. हुबेहूब झाला, ताई. म्हणून तर घाबरलो. जेवायला बसतो आणि तसाच उठतो. तू सांगशील तसं करतो, पण उलट टपाली सांग.

आजवर केलास तेवढा लोभ हे वाचल्यावरही शिल्लक राहावा.

तुझा,
भिंगरी


दि. १३ मार्च

चि. भिंगरी यास,
अ. उ. आ.

पत्र कामावरच वाचलं, शिवणयंत्र थांबवून. मालकीणबाईंनी विचारलं की कोण गेलं. मी म्हटलं, कुणी नाही, भावाचं पत्र आहे. त्यांना दोन्हीतला फरक काही कळला नाही.

आधी माझं सांगते. तू दोन मिनिटं एका जागी बसायचा नाहीस, मार खायचास, म्हणून तुझा गृहपाठ मीच लिहून द्यायचे. तुझं वाचन कच्चं राहिलं त्यात माझा वाटा आहे. हे तुला कधीतरी सांगायचंच होतं.

आता तुझं. सैनिक हुबेहूब झाला म्हणतोस. पकडली जाईल अशी लबाडी असती तर मला एवढी भीती वाटली नसती. ही पकडली जाणार नाही. तो माणूस म्हातारा होईपर्यंत तुझा रंग छातीशी धरून बसेल आणि तिचा समजून त्यावरून बोट फिरवेल. तू कुठंही पळालास तरी ते तुझ्या मानगुटीवर राहील. तो रंगवलेला एक आधी धुवून टाक. या वेळी शब्द सुटे लिहिलेत, नीट वाच.

त्यांना दुकानात यायला लावू नकोस. तूच त्यांच्या घरी जा, केस विंचरून. ताट समोर ठेव आणि सांग. मालकांच्या अक्षरावर ढकलू नकोस. त्यांनी हात उचलला तर उचलू दे. काम गेलं तर इकडे ये. माझ्या खोलीत तुझी गादी मावते, कपाटाचं दार तेवढं उघडणार नाही.

जेवत जा. रागावले आहे, पण माया कमी झालेली नाही. पुढचं तू लिहीपर्यंत माझा जीव टांगणीला आहे.

तुझी,
ताई


दि. २२ मार्च, सकाळ

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी गेलो. दार काकांनीच उघडलं. ताट टेबलावर ठेवून फडकं काढलं. तुझं सगळं पाठ केलेलं विसरलो. तोंडातून एवढंच निघालं की मी धुतले. त्यांनी एक उचलला, खिडकीशी नेला, पालथा केला, तळाला काही उरलंय का बघितलं. नव्हतं. मी फार नीट घासतो, ताई.

मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी सैनिक परत ताटात ठेवला. मग विचारलं की धुण्याआधी तू बघितलेस का. म्हटलं, एकेक बघितला. हसलो होतो, तेही सांगितलं. ते म्हणाले की ती गेल्यापासून त्यांना झाकण उघडायचा धीरच झाला नव्हता, दुकानातही तसाच बंद डबा दिला. म्हणजे तिचा रंग शेवटचा बघणारा माणूस मी. ते आतून वही आणि पेन्सिल घेऊन आले आणि म्हणाले, सांग.

निळा घोडा सांगितला. तेव्हा पांढऱ्या रंगाची बाटली संपली होती, म्हणाले. ढालीवरच्या फुलाला पाकळ्या किती, हे त्यांनी दोनदा विचारलं. एकतीस सांगितले आणि अडलो. ते म्हणाले, आठव. आठवेना. मग म्हणाले, काहीही सांग, कुठलाही रंग सांग, मी लिहून घेतो. आदल्याच आठवड्यात मी बावन्न खोटे रंगवायला निघालो होतो, आणि त्या घडीला एक हिरवा म्हणायला जीभ उचलेना. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलं होतं. मी नाही म्हटलं. त्यांनी वही मिटली. मला माफ केलं नाही, आणि मागायचं तोंड मलाही नव्हतं.

मालकांनी रंगाच्या टेबलावरून उठवलंय. महिनाअखेरीस निघायचं, तोवर थर्मोकोल कापतो. कापता कापता डोळे मिटून उरलेले एकवीस शोधतो. जितकं ओढावं तितकं मागे सरकतं. एखादा दिसलाच तर वाटतं, हा खरा की मीच आत्ता रंगवला? अशानं वेड लागेल मला.

आणि आज, आत्ता, बूट घालायला बसलो, एक पायात, एक हातात, आणि ढोलवाला दिसला. त्याचा एक बूट लाल होता, दुसरा रंगवायचा राहूनच गेलेला. ढोलावर ओल्या रंगात करंगळी उमटलेली, एवढीशी. तो ठसा बघून मी क्षणभर थांबलोही होतो. मग बुडवला. हा माझ्या मनचा नाही, ताई. माझ्या मनचा असता तर मी दोन्ही बूट रंगवले असते.

हे लिहिताना माझाही एक बूट अजून बाहेरच आहे. तो चढवतो आणि विसरायच्या आत त्यांच्याकडे पळतो. ते दार उघडतील की नाही, ठाऊक नाही. बाकीचं नंतर. माया असू दे.

तुझा,
भिंगरी