जीपखालून पाहिलेले हत्ती

आदरणीय दादा,

नमस्कार. तुमची कंबर आता वाकते का, आणि वहिनींचा नवा चष्मा नाकावर बसला का? मी बरा आहे. तुमची बहीण मंगळवारी जंगलातून परस्पर तुमच्याकडे आली, तेव्हा हकिगत तुमच्या कानावर आलीच असेल. आता माझी बाजू.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण दुकान बंद ठेवून आम्ही कुठे गेलो नाही. (दुकान तुम्ही पाहिलंय: एक शटर, आत चाळीस आजारी पंप.) रानातले हत्ती बघायची तिची जुनी हौस. अट एकच, तीन दिवस पान्याला हात लावायचा नाही. मी कबूल झालो. ते राष्ट्रीय उद्यान इतकं निवांत, की फाटकावरच्या रखवालदाराने आम्हाला "वाट चुकलात का?" म्हणून विचारलं. जीप निघाली आणि मागच्या चाकातलं बेअरिंग रडू लागलं. दुसऱ्या कोणाला ऐकू येईना. ड्रायव्हर म्हणाला, "काका, पक्षी आहे तो." तीस वर्षं मी बेअरिंगंच ऐकतोय, असा पक्षी नसतो.

मचाणापाशी उतरायची परवानगी होती. सगळे वर चढले. मी "आलोच" म्हणालो आणि ड्रायव्हरचा पाना घेऊन जीपखाली शिरलो (अट माझ्या पान्यापुरती आहे, असं मी धरून चाललो होतो). नट आवळून झाला, तेवढ्यात हत्ती आले. वरून ओरडायची सोय नाही. तिने शाल हलवली म्हणे, पण जीपखालून शाल दिसत नाही. मी पाय मोजले. सतरा भरले. सतरावा म्हणजे पिलाची सोंड निघाली. त्या सोंडेने माझ्या हाताजवळचा पाना उचलला आणि मंडळी पाण्याकडे चालती झाली. पाऊण तासाने बाहेर आलो, तर तुमची बहीण शेवटच्या पायरीवर, शालीचं टोक दातात धरून. एवढंच म्हणाली, "हत्तीच्या पिलाला कळलं, तुम्हाला नाही कळलं." पुढे स्टँडपर्यंत अवाक्षर नाही. बेअरिंगही गप्प झालं होतं, त्यामुळे शांतता जरा जास्तच जाणवली.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
स्वतःच्या हातचा चहा पिणारा मेहुणा

ता. क. मोकळ्या हातांनी आलो तरच ती परत येईल, असं वहिनी काल फोनवर म्हणाल्या. रविवारी तसाच येतो. मात्र त्यांच्या मागे तुमचा पंप ऐकू आला. बेअरिंग गेलंय. रविवारच्या आत कोणाकडूनही दुरुस्त करून घ्या. माझा माझ्यावर भरवसा नाही.

आणखी एक. काढलेलं बेअरिंग टाकू नका. तिच्या नजरेआड ठेवा. निघताना नुसतं बघेन.