रिकामी लॉरी उतरवताना

इतवारी, नागपूर
डिसेंबर १९४३

प्रिय जागेश्वर,

तुझं पत्र काल पोचलं. जागेच्या नावावर सेन्सॉरवाल्यानं काळं फासलं होतं, तरी इराणातल्या कोणत्या घाटात तुला पाठवतायत ते मी ओळखलं. गेल्या हिवाळ्यात त्याच घाटानं माझा डावा पाय ठेवून घेतला. आता तिथे तू लॉरी चालवणार, तेव्हा थोरल्या भावाची बडबड निमूट वाच. मला तू धडधाकट परत हवा आहेस, बाकी काही नको.

आपण कळमेश्वरच्या रस्त्यानं लॉरीतून संत्री वाहायचो तेव्हा पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचं बूड कसं फिरायचं, आठवतं ना? बर्फात तसंच होतं, फक्त तिथे खाली दरी असते. गाडीला जोर मागच्या चाकांचा, म्हणून साखळ्या मागच्या दोन्ही चाकांना बांध, आणि घाटाच्या पायथ्याशीच बांध. वर गेल्यावर बोटं आखडतात. निघताना दुसऱ्या गिअरमध्ये हळू सोड. उतारावर ब्रेकच्या भरवशावर राहू नकोस, गिअर खाली घे आणि इंजिनालाच गाडी धरू दे. बूड घसरलं तर ज्या बाजूला घसरलं त्याच बाजूला स्टिअरिंग हलकं वळव. घाबरलास की पाय आपोआप ब्रेकवर जाईल. जाऊ देऊ नकोस! तू लहानपणापासून घाबरट, म्हणून दोनदा सांगतो.

भरलेल्या गाडीची मला तेवढी काळजी नाही. माल मागच्या चाकांवर बसतो आणि चाकं रस्ता धरतात. माल उतरवून परतताना माणूस गाणं म्हणायला लागतो, तीच वेळ वाईट. रिकाम्या गाडीत मागच्या चाकांच्या वर दगडांची पोती भर. कितीही घाई असली तरी भर. मी भरली नव्हती, आणि का भरली नव्हती हे मी घरात कोणालाच सांगितलं नाही, तुलाही नाही.

त्या दिवशी मला घरची तार आली होती, आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ. सुट्टी लगेच मंजूर झाली. सुभेदार म्हणाले, ताफ्याबरोबर उतर. मी हात जोडले आणि रिकामी लॉरी घेऊन एकटाच निघालो. डोळ्यांपुढे रस्ता नव्हताच, आई होती. एका वळणावर बूड फिरलं आणि मी ब्रेक दाबला. पुढे इस्पितळातून कुबड्या घेऊन घरी आलो, तर आई ओट्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली, ठणठणीत. मला मुलगी दाखवायची होती म्हणून तिनं तार करवली होती. आपल्या गल्लीत सगळेच अशा तारा करतात, नाहीतर साहेब सुट्टी देत नाही. माझा पाय पाहून ती इतकी रडली की तिच्या तारेपायीच घाई केली हे मला सांगवलं नाही.

आता आपल्या गोपिकाचं लग्न माघात ठरलंय. बहिणीच्या लग्नाला तू हवास, म्हणून आई परवा मला पोस्टात धाडायला निघाली. तीच तार, तेच शब्द. मी नाही म्हणालो, तर तिनं धोशाच लावला, "काहून नाही गा? मागच्या खेपेले तुले सुट्टी भेटली होती ना!" मग सांगावंच लागलं. ती रडली नाही. हातातली कांडी तशीच राहिली, दिवा लावायची वेळ झाली तरी जागची उठली नाही. सांगून फार वाईट केलं असं मला वाटत राहिलं.

म्हणून हे पत्र. लग्नात गोपिकामागे भाऊ म्हणून मी उभा राहीन, कुबडीवर का होईना. इथून तुला तार येणार नाही. आलीच तर खोटी समज, आणि आधी पोती भर. आज लिहायला बसलो तशी आई शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, माझं बी लिही. तिचं जसंच्या तसं उतरवतो: "जागेश्वर, मी खरंच मेली तरी मारोती तुले तार करणार नाही. बरफ वितळू दे, घाट उतरून खाली ये, मंग रडजो."

तुझाच थोरला,
मारोती