आकाराम मिस्त्रींची खोटी पट्टी

गारगोटी,
१४ जून २००१

ती. रुद्रय्यामामा यांस,

पवित्राचा शिरसाष्टांग नमस्कार. (मामींना वेगळा नमस्कार. एकाच नमस्कारात दोघांना बसवलेलं त्यांना चालत नाही, हे लक्षात आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? आई म्हणते एरंडेल चोळा, आण्णा म्हणतात जिना चढू नका. दोघांचे निरोप पोचवले, आता गुडघा तुमचा आणि तुम्ही.

पत्र आभाराचं आहे. दहावीची परीक्षा झाल्यावर तुम्ही म्हणालात, "कुठलं काम आवडतंय ते हात घातल्याबिगर कळत न्हाय," आणि कोल्हापुरात उद्यमनगरातल्या तीन ओळखीच्या माणसांना चिठ्ठ्या दिल्यात. त्या चिठ्ठ्यांमुळे माझं ठरलं. मला लाकडी पॅटर्न करायचं काम शिकायचंय. आयटीआयचा फॉर्म आणलाय, वीस तारीख शेवटची आहे, आणि त्यावर फक्त आण्णांची सही व्हायचीय. आण्णांचं म्हणणं तुम्हाला ठाऊक आहेच: बारावी, मग डी.एड., मग पंख्याखाली बसून पगार.

पहिली चिठ्ठी गणपतराव वेल्डिंगवाल्यांची. ते म्हणाले, "ठिणगीकडं बघायचं न्हाय." आता बघायचं नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? दुसऱ्या दिवशी डोळे भोपळ्यासारखे. मी सुट्टीत कोल्हापुरातच आक्काच्या घरी राहिले होते, तर शेजारच्या तानाबाईंना वाटलं की सख्खी बहीण मला छळते आहे. त्या येऊन आक्काला चार गोष्टी सुनावून गेल्या. (आक्का अजून त्यांच्याशी बोलत नाही, माझ्याशी बोलते पण कमी.) दुसरी चिठ्ठी मोटर रिवाइंडिंगची. तिथे तारेचे वेढे मोजायचे. दोनशेपाशी आलं की हटकून कोणीतरी "चहा घेणार?" विचारायचं आणि माझा आकडा जायचा. आठवड्यात तीन गुंडाळ्या झाल्या आणि चहा मात्र अठ्ठावीस.

तिसरे आकाराम मिस्त्री. ते फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करतात. आधी लाकडाची हुबेहूब वस्तू करायची, तिचा ठसा वाळूत उमटवायचा आणि त्यात लोखंडाचा रस ओतायचा. मला दुकानात पाय ठेवताच सागवानाच्या वासानं बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सहज माझी शाळेतली फूटपट्टी त्यांच्या पितळी पट्टीशेजारी ठेवली, तर त्यांची पट्टी फुटामागे एक सूत लांब! म्हणजे इंचाचा आठवा भाग. मामा, मला रडूच यायचं बाकी होतं. एवढा देवमाणूस, आणि कोणीतरी त्याला वीस वर्षं खोट्या पट्टीवर राबवलं! मिस्त्री जेवायला गेले होते. त्यांनी फळीवर आखलेल्या, पंपाच्या झाकणाच्या सगळ्या रेषा मी खोडून माझ्या पट्टीनं नव्या आखल्या. आल्यावर म्हणाले, "रेघा लई झ्याक दिसाय लागल्यात." मी झाडू घेऊन भुसा लोटायला लागले. (ही गप्प बसायची जागा नव्हती, हे नंतर कळलं.)

मिस्त्रींनी त्याच रेषांवर पॅटर्न कापला. चार दिवसांनी झाकण ओतून आलं, ते पंपावर बसेना. झाकणाचे बोल्ट बसवायचे कान एकीकडे, पंपाचे दुसरीकडे. गिऱ्हाईक भर रस्त्यात ओरडलं, "मिस्त्री, डोकं कुनाचं आन् टोपी कुनाची आनलीसा?" मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि खुर्चीत बसून हळूच म्हणाले, "वय झालं बघ, पवित्रा. माप चुकाय लागलं. आता दुकान बंद केल्यालं बरं." तेव्हा मी रडत रडत सगळं सांगितलं, पट्टी खोटी असल्याचंसुद्धा.

त्यांनी पितळी पट्टी माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "पोरी, लोखंड थंड झालं की आक्रसतंय. म्हणून आमची पट्टी आधीच सूतभर जास्त असती. पर वीस वर्सात हिकडं शिकाय आलेल्या एकानंबी ती तपासली न्हाय. तू तपासलीस की!" बाहेर जाऊन गिऱ्हाइकाला एवढंच म्हणाले, "चूक माझ्या दुकानाची हाय, परत वतून देतो." माझं नाव घेतलं नाही. नवा पॅटर्न मात्र मलाच करायला लावला. सहा दिवस लागले, दोन नखं गेली. झाकण पंपावर बसलं तेव्हा मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती बरीच जोरात होती. मामा, दहावीत मला पासष्ट टक्के पडले तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. हे तुमच्यामुळे झालं. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

मामींना आणि पोरांना माझी आठवण सांगा.

तुमची भाची,
पवित्रा

ता. क. – एक सांगायचं राहिलं. मी सुट्टीभर आक्काकडे शिवणक्लास करते आहे, असं आण्णांना वाटतं. (मीच सांगितलं होतं.) त्यांनी मला त्यांची बंडी शिवायला कापडही दिलंय, ते या पत्राबरोबर पिशवीत घातलं आहे. मामींकडून बंडी शिवून घ्या, फार सुबक नको, आणि ती घेऊन सोमवारी या. बंडी आण्णांच्या हातात पडली की सहीचा विषय तुम्ही काढायचा. दुखऱ्या गुडघ्याच्या पाहुण्यावर आण्णा ओरडत नाहीत.

ता. क. दुसरा – रुद्रय्या, मी पवित्राचा आण्णा. पवित्रानं दिलेली ही पिशवी तुमच्या बेळगावच्या एसटीत द्यायला निघालो होतो, आत माझंच कापड दिसलं म्हणून पत्र वाचलं. दर रविवारी पोरगी घरी यायची ती वेणीत लाकडाचा भुसा घेऊन. शिवणक्लासात भुसा नसतो, एवढं माझ्यासारख्या दुकानदारालाही कळतं. ती आपण होऊन सांगेल म्हणून थांबलो होतो. फॉर्मवर सही केली आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. सोमवारी गुडघ्याला त्रास देऊ नका. पण आयटीआय सुरू व्हायच्या दिवशी काही झालं तरी या. तिला कोल्हापुरात ठेवून एकट्यानं परत यायला मला जमायचं नाही.