लूनला ‘नाही’ म्हणता येत नाही

९ जानेवारी १९९५, सोमवार
सेंट पॉल. बाहेर उणे वीस. कॉलेजच्या तळघरात मी आणि माझा सर्व्हर, दोघेही उबेत. संकल्प: मार्चअखेर वेबला मागे टाकणे.

एकदा स्वतःसाठी नीट लिहून ठेवतो. ब्राउझर म्हणजे पान मागणारा, सर्व्हर म्हणजे देणारा आणि प्रोटोकॉल म्हणजे दोघांनी ठरवलेली बोलायची रीत. रीत जुळली नाही, तर दोघे शेजारी बसूनही मुके. वेबची रीत उद्धट आहे. पान नसलं की तोंडावर सांगतात, ‘सापडलं नाही.’ आम्ही मिनेसोटाची माणसं असं बोलतो का? माझ्या प्रोटोकॉलला मी आमच्या तळ्यावरच्या पक्ष्याचं नाव दिलंय, लून. पान नसलं तर लून म्हणतो, ‘बघू या, असेल कुठेतरी.’ माझा ब्राउझर पॅडल, त्याला यातलं मर्म कळतं.

१२ जानेवारी, गुरुवार
सगळ्यांना लून दाखवला. ग्रंथालयातली मार्लिस म्हणाली, “हे जरा वेगळंच आहे हं, व्हर्न.” निवृत्तीला आलेला आर्ने म्हणाला, “असंही करता येतं म्हणायचं.” एवढं कौतुक आमच्याकडे लग्नातसुद्धा होत नाही.

२६ जानेवारी, गुरुवार
केमिस्ट्रीवाल्यांनी त्यांच्या ब्राउझरला लूनची रीत शिकवली आणि नसलेलं पान मागितलं. लून म्हणाला, ‘बघू या.’ ब्राउझर वाट बघत बसला. दुपारीही बसलेलाच. शेवटी मशीनच बंद करावं लागलं. दोष ब्राउझरचा. समजूतदारपणा नाही त्यांच्यात.

१३ फेब्रुवारी, सोमवार
आमचा प्रमुख गॉर्डी खाली आला. अर्धा तास हवामानावर बोलला. जाता जाता म्हणाला, वर वेबच्या कामाला माणूस हवाय, खोलीला खिडकीही आहे. आणि लून कोणी वापरतच नसेल, तर मार्चनंतर... पण घाई नाही. मग गेल्या महिन्याची वाचकांची नोंद बघून गेला. केमिस्ट्रीवाल्यांची ती एक मागणी सोडली, तर ती कोरी होती. सुट्ट्यांचा परिणाम.

१ मार्च, बुधवार
कमाल आहे. गॉर्डी येऊन गेला त्या दिवसापासून रोज एक वाचक येतोय. शनिवार-रविवार सोडून. कॉफीच्या वेळेला येतो, तळ्यावर बर्फ किती जाड आहे ते पान उघडतो आणि जातो. अशा माणसाला वाऱ्यावर सोडून मी वर जाऊ? वेबवर माझी पानं त्याला कोण दाखवणार? गॉर्डीला स्पष्टच सांगून टाकलं, “बघू या.” खिडकीची खोली न्यू जर्सीहून आलेल्या जीनाला मिळाली. मिळू दे. खिडकीतून गारवा येतो.

२४ मार्च, शुक्रवार
आर्ने निवृत्त झाला. मार्लिसने हॉटडिश आणली, म्हणजे आमच्याकडचा तो वर बटाटे लावून भट्टीत भाजलेला खिमा, शिवाय लिंबाच्या वड्या. शेवटची वडी रीतीप्रमाणे कोणी घेईना. जो तो तिच्यातली अर्धी कापून घेतो आणि अर्धी ठेवतो. नखाएवढी उरली, तिच्यातलीही मी अर्धी ठेवली. निघताना आर्नेने माझा हात बराच वेळ धरला. म्हणाला, “शुक्रवारचं आता कोणीतरी बघेल, व्हर्न.” कसला शुक्रवार? वय झालं बिचाऱ्याचं.

३१ मार्च, शुक्रवार
आज वाचक आला नाही. सगळ्या केबल तपासल्या. आजारी असेल. जेवण गेलं नाही.

३ एप्रिल, सोमवार
जीना खाली आली. हवामानाबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, “व्हर्न, हे किती दिवस चालवायचं? सोमवार माझा, मंगळवार मार्लिसचा, बुधवार गॉर्डीचा, गुरुवार केमिस्ट्रीचा. शुक्रवार त्या आर्नेचा होता. तुला वाईट वाटेल म्हणून सगळ्यांनी वार वाटून घेतलेत. तुझं ते पॅडल दर वेळी माझं मशीन अडकवतं. बंद करतोस का?”

मी म्हणालो, “बघू या.”

ती उत्तराची वाट बघत उभीच राहिली. बराच वेळ. मग गेली.

इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. ठरलं. उद्या वर जाऊन सगळं बंद करायला सांगणार.

४ एप्रिल, मंगळवार
वर गेलो. मार्लिस अंगातला कोटही न काढता पॅडल उघडून बसली होती. मला बघून दचकली. म्हणाली, “बर्फ अजून जाड आहे म्हणायचं.” आता मला कळलंय हे तिला कळलं, तर ती तोंड कुठे लपवेल? आठवडाभर हॉटडिश आणत बसेल. मी म्हणालो, “हो, यंदा जरा जास्तच.” आणि खाली आलो.

गॉर्डी बंद करू शकत नाही, कारण मी दुखावेन. मी बंद करू शकत नाही, कारण ते ओशाळतील. तळघराला खिडकी असती तर बरं झालं असतं.

७ एप्रिल, शुक्रवार
पुन्हा बर्फ पडतंय. कॉफीच्या वेळेला पॅडल उघडलं. शुक्रवार मी घेतला.